पुढे पालखी, मागे बँक

शिमगा आणि मार्चअखेर बहुतेक वर्षी पाठोपाठ येतात. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण रत्नागिरी तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, भाड्याच्या दोन खोल्यांत असलेल्या आमच्या शाखेचं सगळं वर्ष या योगावर उभं असे. वर्षभर बंद असलेली घरं शिमग्यात उघडतात. मुंबई, पनवेल, पुण्याहून माणसं येतात, कारण ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते आणि ती दारात आली तेव्हा घरात माणूस नाही, हे आमच्याकडे कुणाला सहन होत नाही. चार भावांच्या सह्या एका कागदावर हव्या असतील तर त्या मिळण्याचा तोच आठवडा. म्हणून आम्ही पालखीच्या मागून जायचो. एका घरातून पालखी उठून पुढच्या घरी गेली की थोड्या वेळाने आम्ही त्या घरी हजर. खांद्याला फॉर्मची पिशवी, पिशवीत अंगठ्याच्या शाईची डबी.

ही पद्धत माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी घालून दिली होती. मला ती आवडायची. दार उघडं असतं, घर सारवलेलं असतं, माणसं हसत असतात. वाडीतली तरुण मुलं मला बघून ओरडायची, "पुढे पालखी, मागे बँक!" आणि एखादी आजी म्हणायची, "देवी ओटी घेऊन जाते, ही बाय ठेव घेऊन जाते. रिकाम्या हातानं कोन जात नाय."

वाडीचे गावकर, म्हणजे मानाने सगळ्यांत पुढे असलेले वृद्ध गृहस्थ, प्रत्येक घरात देवीला गाऱ्हाणं घालत. घरातल्या माणसांचं भलं होऊ दे, गुराढोरांना सुखी ठेव, आणि प्रत्येक वाक्याला सगळे मिळून "व्हय म्हाराजा" म्हणत. एका वर्षी मी उंबऱ्याबाहेर उभी होते. गावकरांनी तिरक्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाऱ्हाण्यातच घातलं, "आणि ह्या बँकवाल्या बायचा टारगेट पुरा होऊ दे, म्हाराजा." सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा." त्या वर्षी टार्गेट खरंच पूर्ण झालं.

मी मूळची मंडणगड तालुक्यातल्या एका गावची. वडील चिरेखाणीवर कामाला जायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. शाळेतल्या एका बाईंनी शिष्यवृत्तीसाठी माझं खातं काढून दिलं. त्या दिवशी त्यांनी माझा हात धरून मला बँकेत नेलं होतं. बँकेचा काउंटर माझ्या हनुवटीला लागत होता आणि पलीकडच्या माणसाचं मला फक्त कपाळ दिसत होतं. त्या काउंटरच्या पलीकडे मी बसेन, असं बाईंनाही वाटलं नसेल. त्यांनी मला तिथवर नेलं, एवढं मी कधी विसरले नाही. कुणी म्हातारं माणूस शाखेत आलं की मी उठून काउंटरच्या बाहेर येते. ही सवय त्या दिवसाची आहे.

आमच्या शाखेत ठेवी वाढत होत्या. दरवर्षी वाढत होत्या. आंब्याची कलमं व्यापाऱ्याला करारानं देऊन मिळालेले पैसे, बोटीवर काम करणाऱ्यांनी घरी पाठवलेले पैसे, रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला, मुंबईत निवृत्त झालेल्यांची पुंजी. कर्ज मात्र फार कुणी मागत नसे. आमचे मॅनेजर साहेब कोल्हापूरकडचे. तिकडे शाखेत माणूस आला की कर्जाचंच विचारतो, असं ते सांगायचे. इथे येऊन पहिल्या काही महिन्यांत ते गोंधळले. एकदा दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता म्हणाले, "मॅडम, ह्या लोकांना काही करायचं नसतं की काय? नुसतं ठेवतात."

मी म्हटलं, "करायला माणूस कुठे आहे साहेब? अर्धी घरं बंद आहेत."

साहेबांनी घास तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आपली शाखा वाढतीय ती रिकाम्या घरांवर." ते हे टोचून बोलले नव्हते. पण त्यानंतर वरच्या कार्यालयातून आमच्या शाखेच्या कौतुकाचा मेल आला की मला ते वाक्य आठवायचं.

काकी आमच्या शाखेत आल्या त्या शिमग्याच्या थोडे दिवस आधी. वाडीत त्यांचं घर सगळ्यांत शेवटचं. पुढे फक्त काजूची झाडं आणि उतरती पायवाट. नवरा बोटीवर खलाशी होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पनवेलला, एका गोदामात सुपरवायझर. त्याला बायको आणि एक मुलगी. काकी एकट्या राहायच्या, चार कोंबड्या आणि कलमांच्या कराराचे पैसे यांवर. त्यांच्यासोबत शेजारची वहिनी होती, कारण काकी एकट्या रिक्षात बसत नसत.

"ठेव करायची हाय," काकी म्हणाल्या. "मोडता येनार नाय अशी."

"किती वर्षांची करू, काकी?"

"मी हाय तवरची. नि तेच्या पुढची."

साहेब आतून बाहेर आले. त्यांना म्हातारी माणसं आवडायची. त्यांनी काकींना खुर्ची दिली आणि म्हणाले, "व्याज दर महिन्याला घ्या की. औषधपाण्याला उपयोगी पडंल."

"मना औषध काय लागत नाय. व्याज दाराला."

साहेबांना काही कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही. मग काकींनी सांगितलं ते असं: आमच्याकडे बंद घरापुढे पालखी टेकत नाहीत. ढोल थांबत नाही. चालता चालता भोई पालखी त्या दाराकडे जराशी झुकवतात, आपण वाटेत ओळखीच्या माणसाला मान लववतो तशी, आणि पुढे जातात. काकींच्या वाडीत अशी घरं वाढत चालली होती. काकी दरवर्षी आपल्या ओट्यावर उभ्या राहून बघत, आज किती दारांपुढे पालखी फक्त झुकली.

"मी हाय तवर माजा दार उघडा हाय," काकी म्हणाल्या. "मी गेले की देवी माज्या अंगनातून नुसती मान हलवून जाईल. ता मना नको."

त्यांच्या मनातली योजना पक्की होती. ठेवीचं व्याज दरवर्षी वाडीच्या मंडळाच्या खात्यात जायचं. त्या पैशातून मंडळानं नारळ आणायचा, ओटीचा खण आणायचा, दिव्याचं तेल आणायचं, अंगण सारवणाऱ्या बाईला काहीतरी द्यायचं आणि शिमग्यात त्यांचं दार उघडायचं. पालखी आत यायची, टेकायची, गाऱ्हाणं व्हायचं. बस्स. यापलीकडे त्या ठेवीचा त्यांना काही उपयोग नव्हता.

मी फॉर्म भरायला घेतला. "नॉमिनी कुणाला करायचं? म्हणजे तुमच्यानंतर ही ठेव कुणाच्या हाती जाईल?"

"देवीचा नाव घाल."

मी पेन खाली ठेवलं. "काकी, देवीला सही करता येत नाही."

"मना तरी कुठं येते? माजा आंगठा चालतो नि तिचा नाय?"

साहेब हसू दाबत म्हणाले, "मॅडम, आता द्या उत्तर."

मी त्यांना समजावलं, की नॉमिनी जिवंत माणूसच लागतो. काकींनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बोट केलं. "मग तुजा घाल."

"मला इथे नोकरी करायचीय, काकी. माझं नाव नाही चालत."

"घाला वो," वहिनी म्हणाली. "म्हंजे बाय दरवर्षी येऊन झाडू मारील."

हसणं झालं. मग मी विचारलं, "मुलगा आहे ना?"

काकी पदराच्या टोकाशी खेळत राहिल्या. "हाय. चांगला हाय तो, वाईट नाय." कुणी त्याच्याविरुद्ध काही बोललं नव्हतं, तरी त्या त्याची बाजू घेतल्यासारख्या बोलत होत्या. "मार्चात पोरीची परीक्षा असते. शिमग्याला कसा येनार?" मग म्हणाल्या, "घाल तेचाच नाव. पन व्याज वाडीला."

"त्याला तेवढं सांगा काकी, ही ठेव कशासाठी आहे ते."

"सांगेन गो."

त्यांनी शाईत अंगठा दाबला आणि कागदावर टेकवला. उठताना अंगठा पदराला पुसला.

त्या शिमग्यात मी पालखीमागून त्यांच्या घरी गेले. घर लहान, चिऱ्याचं, कौलारू. दाराला कुलूप कधी नव्हतंच. बाजारात जाताना काकी कडी लावून त्यात काजूची एक काटकी अडकवत, कुत्रं शिरू नये म्हणून. वाडीत सगळ्यांचीच ही रीत. त्या दिवशी पालखी त्यांच्या माजघरात पाटावर टेकली होती, ओटी भरली होती आणि काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, लग्नघरातली मोठी पंगत उठल्यावर यजमानीण बसते तशा. मी फॉर्म काढले नाहीत. त्यांच्याकडून घ्यायची ठेव आधीच घेतली होती.

दिवाळीनंतर काकी गेल्या. सकाळी कोंबड्या सोडायला उठल्या नाहीत म्हणून वहिनीनं कडी वाजवली.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांचा मुलगा शाखेत आला. डोकं नुकतंच मुंडन केलेलं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं नीट लावलेली. आईच्या पेटीत ठेवीची पावती मिळाली, तिच्यावर नॉमिनी म्हणून आपलं नाव आहे, एवढंच त्याला माहीत होतं. फ्लॅटचे हप्ते चालू होते, ते त्यानं न लपवता सांगितलं. मी कागद तपासले. सगळं बरोबर होतं. पैसे त्याच दिवशी मिळू शकत होते, तसं मी त्याला सांगितलं. मग म्हटलं, "पण एक गोष्ट तुमच्या कानावर घालायला हवी. ती बँकेच्या कागदात नाही."

मी सांगत होते तेव्हा तो माझ्याकडे पाहत नव्हता. भिंतीवरच्या व्याजदराच्या फलकाकडे पाहत होता.

"मला बोलली नाही," तो म्हणाला. "फोनवर रोज बोलायची. कोंबडीनं अंडं कुठे घातलं ते सांगायची. हे नाही सांगितलं."

मी ठेवीची पावती त्याच्यापुढे सरकवली.

"त्यात असं लिहिलंय का कुठे? की मोडायची नाही?"

"नाही. पैसे तुमचे आहेत."

तो बराच वेळ बसला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याला तो तासाभरानं ये म्हणून सांगून आला. परत बसल्यावर त्यानं विचारलं, "नाही मोडली तर?"

"तुमच्या नावानं नवीन ठेव करू. व्याज आत्तासारखंच मंडळाकडे जाईल."

त्यानं सह्या केल्या. त्याची सही चांगली वळणदार होती. आईच्या अंगठ्याच्या जागी ती सही बघताना मला माझे वडील आठवले. त्यांनाही अंगठाच येतो. घरात सही येते ती मला.

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "ठेव राहिली. बरं झालं." मलाही बरं वाटलं. काकींचं काम झालं, असं मी धरून चालले. व्याज वेळेवर मंडळाच्या खात्यात जमा होत होतं, ते मी स्वतः बघत होते.

पुढच्या फाल्गुनात मी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन वाडीत पोचले. सकाळची वेळ, पण सडा तापायला लागला होता. पालखी गावकरांच्या घरी होती, पहिलं घर त्यांचं. एवढ्यात वहिनी पायवाटेनं जवळजवळ धावत आली.

"काकींच्या दाराला कुलूप हाय वो."

मंडळाचा खजिनदार, मुंबईला नोकरी करणारा, शिमग्यापुरता पाच दिवस आलेला तरुण, म्हणाला, "हो, मग चावी घे ना."

"माज्याकडं कुठं हाय? तुमच्याकडं असेल. मंडळाकडं."

"मंडळाकडं? आम्हाला वाटलं तुझ्याकडे असेल."

मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. मुलगा दिवस करून परत निघाला तेव्हा त्यानं बाजारातून नवीन कुलूप आणून दाराला लावलं होतं. शहरातल्या माणसानं घर सोडताना करायची ती गोष्ट. चावी खिशात गेली, खिसा पनवेलला गेला. वाडीत कुणी चावीचा विचार केला नाही, कारण काकींच्या दाराला कुलूप असू शकतं, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ठेव होती, व्याज होतं, नॉमिनी होता. खजिनदाराच्या पिशवीत नारळ होता, हिरवा खण होता, तेलाची बाटली होती.

"झाडूपन आणलाय," तो म्हणाला आणि खरंच नवा झाडू काढून दाखवला. कुणी हसलं नाही.

एक जण म्हणाला, "फोडूया कुलूप. नवा घेऊन देऊ."

गावकर ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "फोडलेल्या दारातून देवी न्यायची? चोरी कराया चाललोय काय आपन?"

विषय संपला. फोन लावला, आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला. मुलगा कामावर होता. मागे ट्रकचा आवाज येत होता. खजिनदारानं सांगितलं तसा तो आवाज जरा लांब गेला, बहुतेक तो कुठेतरी बाजूला जाऊन उभा राहिला असेल.

"चावी माझ्याकडेच आहे," तो म्हणाला. "मुलीचा उद्या पेपर आहे." मग त्यानं विचारलं, "पालखी कधी पोचेल आमच्या घरी?"

गावकरांनी उन्हाकडे पाहिलं. "दुपारपर्यंत."

"मी दुपारपर्यंत नाही पोचत, काका."

"तू निघ," गावकर म्हणाले. "पालखीचा आमी बघतो."

फोन ठेवल्यावर खजिनदार म्हणाला, "काय बघनार? क्रम बदलता येत नाही. तिचं घर शेवटचं. त्याच्यानंतर पालखी खालच्या वाडीला द्यायची."

"क्रम कोन बदलतोय?" गावकर म्हणाले. "पन एका घरात किती येळ टेकायची, ह्येचा नियम कुनी सांगितलाय?"

त्या दिवशी वाडीत जे झालं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पालखी प्रत्येक घरात एवढा वेळ टेकली की घरातली माणसं आधी सुखावली आणि मग घाबरली. एका घरातली साखर संपली. दुसऱ्या घरात दूध संपून चहा काळाच प्यावा लागला. भोयांनी पालखी खांद्यावर घेऊन इतका वेळ नाचवली की एक जण म्हणाला, "पाय गेले माजे, आता कुनीतरी धरा," आणि दुसरा म्हणाला, "मुंबईत जिमला पैसे भरतोस ना? धर आता फुकटात." गाऱ्हाणी लांबत गेली. गावकरांनी घरातल्या माणसांपासून सुरुवात केली, मग मुंबईला गेलेली, मग दुबईला गेलेली, मग बोटीवर असलेली, मग पुढच्या वर्षी जाणारी. आंबा, काजू, विहीर, पंप. एका घरात सांगायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कामाचंही गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणून म्हणून मुलांचे घसे बसले. कुणी उठून गेलं नाही. कुणी उगाच घाईही केली नाही.

खालच्या वाडीतून माणूस येऊन विचारून गेला. त्याला वहिनीनं बाजूला नेऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, तो परत जाऊन "येळ लागेल" असं सांगून आला आणि स्वतःही ढोल वाजवायला बसला.

दुपारी साहेबांचा फोन आला. "मॅडम, किती फॉर्म झाले?"

"साहेब, आज पालखी थांबवून ठेवलीय."

"का?"

मी सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असू द्या. तुम्हीबी थांबा."

मी थांबले. पिशवी एका खुंटीला अडकवली आणि बायकांबरोबर पाणी भरायला लागले.

ऊन उतरलं आणि शेवटून दुसऱ्या घरातून पालखी उठायला हवी होती. भोई उभे राहिले, पुन्हा बसले. गावकर गाऱ्हाणं घालत नव्हते, नुसते हात जोडून उभे होते. ढोलही हळू वाजत होता. तेवढ्यात काजूच्या झाडांजवळच्या वळणावर रिक्षा थांबली. मुलगा उतरला. कामावरचा शर्ट तसाच होता. तो थेट आपल्या दाराकडे गेला.

दार उघडल्यावर आतून बंद घराचा वास आला. जाळी होती, जमिनीवर कौलांतून पडलेली माती होती. दोन बायका आत जायला लागल्या तर त्यानं हात पुढे केला. "झाडू द्या," म्हणाला. खजिनदारानं पिशवीतून नवा झाडू काढून दिला. त्यानं माजघर झाडलं, मग ओटा, मग अंगण. त्याला झाडायची सवय नव्हती, धूळ इकडून तिकडे होत होती. वहिनी म्हणाली, "अरे, वाऱ्याच्या बाजूनं झाड," आणि तो तसा फिरला. आम्ही सगळे बाहेर उभे होतो. एवढ्या लोकांत तो एकटाच झाडू मारत होता, पण कुणी मध्ये पडलं नाही.

दिवा लागला. पाट मांडला. पालखी आत गेली आणि टेकली. ओटी वहिनीनं भरली. गावकरांनी दिवसभर एवढं बोलून घेतलं होतं, पण त्या घरात ते एकच वाक्य म्हणाले: "बाय माजे, तुज्या ह्या लेकीचा दार उघडा हाय." आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा." मुलानं पालखीच्या दांड्यावर डोकं टेकवलं. भोई थांबून राहिले, त्याचं डोकं वर येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाखा उघडायला गेले तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. त्याला दुपारच्या आत निघायचं होतं, पेपर सुटायच्या वेळी मुलीला आणायला पोचणं शक्य नव्हतं, पण संध्याकाळी घरी असायला हवं होतं.

"चावी बँकेत ठेवता येते का?" त्यानं विचारलं.

"आपल्या शाखेत लॉकर नाहीत," मी म्हटलं. "वहिनीकडे द्या."

"हरवली तर?"

"हरवली तर तिला माहीत असेल की तिच्याकडेच होती."

तो जरा हसला आणि वाडीकडे परत गेला. वहिनीनं स्वयंपाकघराच्या दाराजवळ एक खिळा ठोकला आणि चावी त्याला अडकवली.

पुढच्या वर्षी तो येऊ शकला नाही. वहिनीनं दार उघडलं, अंगण सारवलं, पालखी टेकली. व्याजाचा नारळ, व्याजाचा खण. काकींनी एवढंच मागितलं होतं.

आता वहिनीच्या दाराजवळचा तो खिळा एकटा नाही. कुणी म्हाताऱ्या आईला मुंबईला नेताना चावी आणून देतं, कुणी आई गेल्यावर. कोणती चावी कुणाची हे ओळखायला तिनं प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली आहे. मी एकदा फॉर्मची पिशवी घेऊन तिथे उभी असताना ती म्हणाली, "तुजी वाढली तशी माजीपन ठेव वाढली बघ."

"व्याज काय देतेस?"

"पालखी आत येते. आनखी काय हवा?"

मी हसले, पण परत येताना वाटेत त्या चिंध्या डोळ्यांसमोरून गेल्या नाहीत. आमच्या शाखेच्या ठेवी त्याही वर्षी वाढल्या होत्या. वरून कौतुकाचा मेल आला, साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि वाचून झाल्यावर फोन बाजूला ठेवला.

माझे आईवडील आता माझ्याजवळ रत्नागिरीत असतात. चिऱ्याच्या धुळीनं वडिलांची छाती गेली आहे, त्यांना दवाखाना जवळ लागतो. माझ्या पगारावर ते इथे नीट राहू शकतात, याचं मला समाधान आहे आणि ज्यांनी मला इथवर आणलं त्यांचे उपकार आहेत. पण मंडणगडाकडचं आमचं घर बंद आहे. आणि मार्चमध्ये मला सुट्टी कधी मिळत नाही, कारण मार्चमध्ये मी दुसऱ्यांच्या पालखीमागून जाते.

वहिनीकडच्या चिंध्या पाहून परतले त्या रात्री जेवताना मी वडिलांना विचारलं, "आपल्या घराची चावी कुठे आहे?"

वडील म्हणाले, "तुज्याच पर्समध्ये. तूच तर कुलूप लावलंस."

मी पर्सचा आतला कप्पा उघडला. चावी होती. किती दिवस मी ती घेऊन फिरत होते, याचं मला भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे एक दिवसाची रजा मागितली. मार्चमधली. त्यांनी कशासाठी विचारलं, मी सांगितलं, त्यांनी अर्जावर सही केली आणि म्हणाले, "सकाळची गाडी पकडा. उन्हाच्या आत पोचाल."

गावी पोचल्यावर मी आधी आमच्या घराकडे गेले नाही. शेजारी चुलतीकडे गेले. ती अंगणात काजूच्या बिया निवडत होती. मी चावी तिच्या पुढे धरली. तिनं ती घेतली नाही. काजूच्या चिकानं माखलेले हात पदराला पुसत उठली आणि म्हणाली, "आधी तू उघड. झाडून घे. मग दे."